वीस हजार सिमोलियनचा संसार

३१ जानेवारी २०२५ रोजी ‘द सिम्स’ हा संगणकीय खेळ नव्याने विक्रीस आला. मॅक्सिस या अमेरिकन संस्थेने घडवलेला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बाजारात आणलेला हा खेळ प्रथम ४ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाला होता. नव्या संगणकांवर तो धड चालेनासा झाला, तेव्हा बहुतेकांनी त्याचा नाद सोडला होता. पंचविसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने त्याचे सातही जोडभाग एकत्र करून आजच्या विंडोजवर चालेल असे रूप त्याला देण्यात आले. ही बातमी वाचून ज्यांना आपले जुने घर आठवले, ती पिढी आज पस्तिशी-चाळिशीत आहे. त्यांपैकी कोणी पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करते, तर कोणी जळगाव-धुळ्यात वडिलांची पेढी सांभाळते.

त्या काळी खानदेशात संगणक घरात येई तो शिक्षणाच्या नावाखाली. ‘एमएस-सीआयटी करायचे आहे’ हे कारण सर्वांत खपणारे. सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसे आणि त्यावर क्रोशाचे आच्छादन पडे. खेळाची सीडी क्वचितच दुकानातून आलेली असे; ती बहुधा मित्राकडून मित्राकडे फिरत येई. वैशाखात बाहेर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की दुपारी दारे लावून घेत. कूलरच्या घरघरीत मुले पडद्यावरचे घर बांधत बसत. मग भारनियमनाची वेळ होई, यूपीएस शिटी घालू लागे आणि खेळ जतन करण्यासाठी एकच धांदल उडे. वडीलधारी मंडळी एकदा डोकावून पाहत आणि म्हणत, ही तर संगणकावरची भातुकली!

हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, पण तो अगदी नेमका होता. खेळाचा कर्ता विल राइट स्वतःही त्याला बाहुलीघरच म्हणत असे. १९९३ मध्ये निवडक लोकांसमोर ही कल्पना मांडली गेली, तेव्हा ती कोणालाच रुचली नाही. खेळात शत्रू नाही, शर्यत नाही, शेवट नाही. असल्या गोष्टीला कोण पैसे देणार? प्रत्यक्षात मार्च २००२ पर्यंत त्रेसष्ट लाख प्रती खपल्या आणि तोवरचा सर्वाधिक विकला गेलेला संगणकीय खेळ म्हणून तो गणला गेला. मुली आणि स्त्रिया इतक्या मोठ्या संख्येने संगणकीय खेळाकडे वळल्या, तेही याच खेळामुळे.

खेळाची मांडणी साधी आहे. एक कुटुंब मिळते, रिकामा भूखंड मिळतो आणि हाती वीस हजार सिमोलियन असतात. सिमोलियन हे तिथले चलन. त्यातून जमीन घ्यायची, भिंती उभारायच्या, पलंग, शेगडी, शीतकपाट मांडायचे. प्रत्येक पात्राच्या आठ गरजांचे आठ मापक पडद्याखाली दिसतात: भूक, आराम, स्वच्छता, शौच, ऊर्जा, करमणूक, माणसांचा सहवास आणि खोलीची शोभा. मापक हिरवा असला म्हणजे बरे चालले आहे. तांबडा झाला की पात्र हातवारे करून तक्रार करते. बोलते मात्र कोणाच्याच नसलेल्या भाषेत. त्यामुळे अमळनेरच्या मुलाला आणि अमेरिकेतल्या मुलाला पात्रांचे बोलणे सारखेच कळे, किंवा सारखेच कळत नसे.

या भातुकलीचा उगम एका आगीत आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला, त्यात राइटचे घर जळाले. कुटुंब वाचले, वस्तू गेल्या. सारे काही नव्याने घेताना कोणती वस्तू खरोखर लागते आणि ती कशासाठी लागते, हा विचार त्याला करावा लागला. पुढे त्याच विचाराचा खेळ झाला. खेळातही स्वयंपाक न येणाऱ्याला शेगडीजवळ उभे केले की घर पेटते, हे ज्यांनी लहानपणी अनुभवले त्यांना ही पूर्वकथा बहुधा ठाऊक नव्हती.

पुन्हा खेळायला बसलेल्या प्रौढाला काही वेगळेच दिसू लागते. या खेळाची खरी युक्ती पात्रांत नाही, वस्तूंत आहे. पात्राला स्वतःची बुद्धी फारशी दिलेलीच नाही. शीतकपाट आजूबाजूला सतत एक संदेश पाठवत असते: ‘माझ्याकडे ये, तुझी भूक इतकी शमेल.’ दूरचित्रवाणी संच सांगतो, करमणूक इतकी वाढेल. पलंग विश्रांतीचे आश्वासन देतो. वस्तू जितकी जवळ आणि गरज जितकी तीव्र, तितकी हाक मोठी. पात्र या हाका ऐकते आणि मोठ्या हाकेच्या दिशेने चालू लागते. रचनाकारांच्या परिभाषेत या हाकेला जाहिरात असेच म्हणतात.

जैन वाचकाला इथे थबकावे लागते. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या केली, ती वस्तूंच्या संख्येवरून नव्हे, तर मूर्च्छेवरून. आणि मूर्च्छा असते जीवाची. वस्तू बिचारी जड, पुद्गल. ती कोणाला बोलावत नाही. राइटने हा संबंध उलटा करून पाहिला. सारी ओढ त्याने वस्तूत भरली आणि माणूस रिकामा ठेवला. तत्त्व म्हणून हे चूकच. पण बाजारपेठेत किंवा हातातल्या मोबाईलच्या पडद्यावर आज जे घडते, त्याचे वर्णन म्हणून ते अस्वस्थ करण्याइतके अचूक आहे. २००० साली हाक मारणारा मोबाईल कोणाच्या खिशात नव्हता.

वस्तूंचा दुसरा हिशेब वेळेचा. खेळातला एक दिवस घड्याळाच्या चोवीस मिनिटांत सरतो. कामावर नेणारी मोटार दाराशी तासभर थांबते, तीही खेळातला तास, म्हणजे एक मिनिट. आठवड्याची सुट्टी नाही. लागोपाठ दोन दिवस मोटार चुकली की नोकरी जाते. दर तीन दिवसांनी देयके येतात. ती थकली की वस्तू उचलून नेणारा माणूस दारात उभा. पगार वाढावा म्हणून बढती हवी आणि बढतीसाठी ठरावीक संख्येने मित्र हवेत. म्हणून थकलेले पात्र रात्री फोन लावून पाहुणे बोलावते. पैसा आला की घर मोठे होते. घर मोठे झाले की न्हाणीघरापर्यंतची चाल लांबते, नळ गळतात, यंत्रे बिघडतात, फुले सुकतात, मग मोलकरीण आणि माळी ठेवावे लागतात. वेळ वाचवण्याच्या आश्वासनावर घेतलेल्या वस्तूच सारा वेळ खाऊन टाकतात, हे खेळणाऱ्याच्या ध्यानात यावे अशीच ही योजना होती, असे राइटने नंतर मुलाखतींतून सांगितले. चौदाव्या वर्षी ते कोणाच्या ध्यानात आले? गृहकर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर मात्र पहिल्या पाच मिनिटांत येते.

अर्थात मुलांकडे पळवाट होती. ‘रोझबड’ हा शब्द टंकला की एक हजार सिमोलियन खात्यात जमा होत, आणि पुन्हापुन्हा ते करण्याची युक्तीही सर्वांना पाठ होती. हा शब्द ‘सिटिझन केन’ या १९४१ च्या चित्रपटातला. वस्तूंनी खच्चून भरलेल्या प्रासादात मरणाऱ्या धनाढ्य माणसाचा तो अखेरचा उद्गार, आणि त्याचा अर्थ निघतो बालपणीची बर्फावरची साधी घसरगाडी. फुकटच्या पैशाच्या किल्लीला हे नाव देणाऱ्याची विनोदबुद्धी तिखट खरी.

आठ मापकांचा हा फलक पाहताना श्रावकाच्या चौदा नियमांची आठवण होणे स्वाभाविक आहे. आजही अनेक घरांत वडीलधारी माणसे सकाळी हे नियम धारतात: आज सचित्त किती, द्रव्ये किती, विगय कोणत्या, पादत्राणे किती, वस्त्रे किती, वाहने किती, कोणत्या दिशेला किती अंतर जायचे. दोन्हीकडे दिवसाचे माप आहे, पण मापाची दिशा वेगळी. खेळातला मापक कमी पडले की ओरडतो. चौदा नियमांत रेषा वरच्या अंगाला आखलेली असते आणि ती ज्याची त्याने पहाटेच आखायची असते. खेळात अशी रेषा आखण्याची सोयच नाही. पुरे झाले, असे पात्राला म्हणता येत नाही. पुढच्या पिढीला परिग्रह-परिमाण समजावून सांगू पाहणाऱ्या आईवडिलांना या एका उणिवेतून बोलायला बरेच काही मिळेल. बंदी घालून ते मिळणार नाही.

या खेळाची एक बाजू मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पात्राला तरणतलावात उतरवायचे आणि शिडी काढून घ्यायची. पात्र दमून बुडून मरते. हा प्रकार जगभर मुलांनी केला आणि खानदेशातल्या जैन घरांतल्या मुलांनी केला नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ‘ते खरे थोडेच आहे?’ हा त्यावरचा ठरलेला प्रश्न. जैन साहित्याने तो प्रश्न हजार वर्षांपूर्वीच हाताळला आहे. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या ग्रंथात राजा यशोधराची कथा येते. अशुभ टळावे म्हणून देवीला बळी दे, असा आग्रह आई धरते. राजा जीवहत्येला तयार होत नाही. शेवटी पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला जातो. रक्ताचा थेंब सांडत नाही. तरीही मायलेक दोघेही मोर, कुत्रा, मासा, बकरा अशा तिर्यंच योनींतून भटकत राहतात आणि अखेर स्वतः कोंबड्याच्या जन्माला येतात. पीठ निर्जीव होते, पण मारण्याचा भाव निर्जीव नव्हता. पडद्यावरचे पात्र म्हणजे आजचा पिठाचा कोंबडाच. त्या मुलांच्या मनात क्रूरता होती की केवळ कुतूहल, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. कथेचा रोख मात्र नेमका तिथेच आहे.

जीवनाची प्रतिकृती पटावर मांडून खेळणे आपल्या परंपरेला नवे नाहीच. गुजरात-राजस्थानातील श्वेतांबर समाजात पर्युषणात ज्ञानबाजी खेळली जाई. खानदेशातील अनेक ओसवाल घराण्यांचे पूर्वज त्याच मारवाडातून आले. कापडावर किंवा कागदावर रंगवलेली चौऱ्याऐंशी घरे, सापाच्या तोंडी पडले की अधोगती, शिडी मिळाली की उन्नती, आणि सर्वांत वर सिद्धशिला. महाराष्ट्रातला मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो, तोही याच कुळातला. ज्ञानबाजीत खेळाडूच्या हाती फारसे काही नसते, फासा पडेल तसे जायचे. पण जायचे कुठे, हे पहिल्या क्षणापासून डोळ्यांसमोर असते. ‘सिम्स’मध्ये अगदी उलट: प्रत्येक पाऊल खेळाडूच्या हाती आणि पोहोचायचे ठिकाण कुठेच नाही.

त्यात आयुष्यकर्मही नाही. पात्रांना वार्धक्य आले ते २००४ मध्ये निघालेल्या दुसऱ्या भागात. पहिल्या भागात अपघाताने किंवा उपासमारीने मरण येते, वयाने कधीच नाही. पाळण्यातले बाळ तीन दिवसांत शाळकरी होते आणि मग कायमचे तेवढेच राहते. जळगाव-धुळ्यातल्या त्या जोडलेल्या संगणकांपैकी बहुतेक केव्हाच भंगारात गेले. एखाद्याची जुनी हार्डडिस्क माळ्यावर उरली असेल आणि त्यावरचे घर आज उघडता आले, तर २००३ च्या उन्हाळ्यात जतन केलेले ते मूल अजून सकाळच्या शाळेच्या बसकडे धावताना दिसेल. ते घर बांधणाऱ्याची स्वतःची मुलगी यंदा पाचवीत असेल.