गंजलेली टाकी

पावसाळा ओसरला, भाताची कापणी जवळ आली, की आमच्या सीमाभागातील खेड्यांत पडवीच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेली जुनी वाहने पुन्हा उजेडात येतात. अशीच एक येझदी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात दोन पावसाळे उभी होती. वडिलांच्या मागे ती मुलाकडे आली. पहाटेचे दूध संकलन केंद्रावर पोचविण्यासाठी त्याला दुसरे साधन नव्हते. परंतु गाडी अर्धा कोस चालावी आणि बंद पडावी, असे होऊ लागले. कारब्युरेटर तीनदा साफ झाला. प्रत्येक वेळी त्यात विटकरी रंगाची बारीक पूड सापडे. अखेर टाकीचे झाकण काढून आत विजेरी धरली, तेव्हा खरा रोग दिसला. तळाशी गंजाचे पोपडे होते आणि खालच्या सांध्याजवळ एक सूक्ष्म छिद्र पाझरत होते.

"फादर, पेट्रोल सगळं काढून टाकलंय. टाकी रिकामी आहे. आज गॅसवर वेल्डिंग करून आणतो," असे तो सहज म्हणाला. ते ऐकून आमच्या अंगावर काटा आला. आम्ही त्याला हात धरून खाली बसविले. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण ते एक वाक्य होय.

वाचकहो, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. जळते ती पेट्रोलची वाफ. ही वाफ उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याजोगी सुटते आणि हवेहून जड असल्याने टाकीत दडून राहते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के झाले, की एका ठिणगीने स्फोट होतो. रिकाम्या टाकीत नेमके हेच मिश्रण तयार होते. वास येत नाही म्हणून वाफ नाही, असे कधीही समजू नये.

आता गंज येतो कोठून? अर्धवट भरलेल्या टाकीतील हवेत दमटपणा असतो. रात्रीच्या गारव्याने त्याचे थेंब पत्र्यावर जमतात. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसते आणि पत्रा खाऊ लागते. त्यात २०२५ पासून आपल्या देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले, की दोन्ही मिळून खाली वेगळी होतात. म्हणून जुन्या गाडीच्या धन्याने पूर्वीपेक्षा अधिक सावध असले पाहिजे. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. जुनी टाकी सहज बदलून मिळत नाही. ती जपणे हाच मार्ग.

त्या मुलाबरोबर आम्ही केलेले काम क्रमाने सांगतो. प्रथम टाकी उघड्या अंगणात, चूल, विडी आणि विजेच्या तारांपासून दूर उतरविली. कॉक काढला, पेट्रोल झाकणाच्या डब्यात घेतले आणि साबणाच्या गरम पाण्याने टाकी पुन्हा पुन्हा धुतली. नंतर मूठभर लहान नट मोजून आत टाकले व पाण्यासह टाकी हलवीत राहिलो. सुटे पोपडे निघाले. नट मोजूनच बाहेर काढावे, नाहीतर एखादा आत राहतो.

चिकटलेल्या गंजासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, वापरले. दहा लिटर कोमट पाण्यात सुमारे अर्धा किलो विरघळवून टाकी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. हातमोजे व चष्मा अवश्य घालावा. काहीजण मिठाचे तेजाब वापरतात. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते. सकाळी ते पाणी विहिरीपासून दूर ओतले, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी खळबळली आणि स्वच्छ पाण्याने धुतली. स्वच्छ झालेला ओला पत्रा तासाभरात पुन्हा तांबडा होतो; म्हणून गरम हवेने ती लगेच वाळविली.

गंज निघाल्यावर एका छिद्राची तीन छिद्रे दिसली. टाकी छिद्राच्या किंचित खालपर्यंत पाण्याने भरून, ज्योत न लावता, दूर तापविलेल्या खड्याने कारागिराने डाग दिला. पत्रा सर्वत्र पातळ झाला असता तर आम्ही टाकी मोडीतच घातली असती.

पुन्हा वाळवून मग अस्तर केले. दोन भागांचे, इथेनॉल सहन करणारे इपॉक्सी घेतले. काही जुनी अस्तरे इथेनॉलने मऊ पडून सुटतात व नळी तुंबवितात. कॉकच्या भोकात ग्रीस लावलेला बोल्ट बसविला, द्रव आत ओतून टाकी सर्व बाजूंनी सावकाश फिरविली आणि उरलेले ओतून काढले. तळाशी डबके राहू देऊ नये. डब्यावर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत पेट्रोल भरले नाही. त्या मुलाला घाई होती, पण त्याने धीर धरला. झाकणाचे वायुछिद्र मोकळे केले, नळीत नवी गाळणी बसविली.

अस्तर हे औषध नव्हे, पांघरूण होय. खाली गंज ठेवून वर लावले तर तो आतून खातच राहतो. पुढील पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असल्यास टाकी भरून ठेवावी आणि झाकणाचे रबर पाहावे.

आता ती येझदी रोज पहाटे आमच्या खिडकीखालून दुधाचे कॅन घेऊन जाते. तिचा आवाज ऐकला, की आमच्या मनात येते, त्या दिवशी आम्ही तेथे थोडे उशिरा पोचलो असतो तर? म्हणून आपल्या घरातील तरुणांना हा लेख आज जेवणाच्या वेळी वाचून दाखवा.