राजे, राण्या आणि नवा देव

वेन्सडे आणि थर्सडे हे शब्द शाळेतल्या पोरांच्याही तोंडी असतात. पण वेन्सडे म्हणजे वोडन देवाचा वार आणि थर्सडे म्हणजे आभाळात गडगडणाऱ्या थुनोरचा वार, हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही. गुरुजींनी जरूर सांगावं. हे इंग्लंडच्या जुन्या लोकांचे देव. इसवी सन ४१० च्या सुमाराला ब्रिटनवरचा रोमन अंमल सुटला आणि त्या शतकात अँगल, सॅक्सन, ज्यूट अशा टोळ्या समुद्र ओलांडून तिथं येऊन वसल्या. त्यांची राज्यं लहान लहान. दक्षिणेच्या टोकाला केंट, पूर्वेला ईस्ट अँग्लिया, उत्तरेला नॉर्थम्ब्रिया. त्यांतले बहुतेक राजे आपली वंशावळ थेट वोडनपर्यंत नेऊन भिडवीत. आता सांगा, ज्याची गादीच वोडनच्या नावावर उभी, त्यानं वोडनला सोडायचं तरी कसं?

या राजघराण्यांत नवा धर्म आला तो राणीच्या पावलांनी. केंटचा राजा एथेलबर्ट यानं फ्रँक राजाची मुलगी बर्था केली. ती ख्रिस्ती. तिचा धर्म तिला पाळू द्यायचा, ही सोयरिकीतलीच अट. पुढे ५९७ साली रोमच्या पोपनं पाठवलेला ऑगस्टीन चाळीसेक माणसं घेऊन उतरला, तेव्हा राजानं त्याची भेट उघड्या माळावर घेतली. छपराखाली भेटलो तर हे लोक काही जादूटोणा करतील, ही धास्ती! ऐकून घेतल्यावर तो म्हणाला की, बोलणं गोड आहे, पण नवं आहे. वाडवडिलांचं एकदम टाकवत नाही. तरी त्यानं पाहुण्यांना राहायला जागा दिली, शिधा दिला आणि पुढे स्वतः बाप्तिस्माही घेतला. त्यानं लिहवून घेतलेले कायदे इंग्रजी भाषेतले सर्वांत जुने ज्ञात कायदे आहेत. त्यांत कुणाचा समोरचा दात पाडला तर ६ शिलिंग आणि अंगठा तोडला तर २० शिलिंग, असा दरच ठरवून दिलेला आहे.

ईस्ट अँग्लियाच्या रेडवाल्डची तऱ्हा निराळी. केंटमध्ये त्यानं बाप्तिस्मा घेतला खरा, पण घरी परतला तो राणीनं आणि सल्लागारांनी त्याचं मन फिरवलं. मग त्यानं एकाच देवळात ख्रिस्ताची एक वेदी आणि जुन्या देवांना बळी द्यायला दुसरी अशी सोय केली. ही हकीकत लिहिणारा बीड हा ख्रिस्ती मठवासी. त्यानं आपला इतिहास ७३१ साली पुरा केला. त्याला या दोन वेदींचा भारी संताप. पण मंडळी, तोच बीड हेही सांगतो की, आश्रयाला आलेल्या एका राजपुत्राला पैशाच्या लोभानं शत्रूच्या हाती देऊ नका, असं रेडवाल्डला निक्षून सांगणारी त्याची राणीच होती. जुन्या देवांची म्हणून तिला वाईट कसं म्हणावं?

तो राजपुत्र म्हणजे एडविन. रेडवाल्डच्या मदतीनं तो नॉर्थम्ब्रियाचा राजा झाला. ६२५ साली त्यानं एथेलबर्टची मुलगी एथेलबर्गा हिच्याशी लग्न केलं. पुन्हा तीच अट, आणि तिच्याबरोबर पॉलिनस नावाचा धर्मगुरू. पुढच्या वर्षी ईस्टरच्या दिवशी शत्रूनं पाठवलेला मारेकरी विषारी सुरा घेऊन राजावर धावला. लिला नावाचा इमानी सरदार मध्ये पडला आणि जिवाला मुकला. राजा जखमेवर निभावला. त्याच रात्री राणीला मुलगी झाली. राजा आपल्या देवांचे आभार मानू लागला, तर पॉलिनस म्हणे, ही ख्रिस्ताची कृपा. तेव्हा एडविन बोलला, ज्यानं मारेकरी धाडला त्याच्यावर मला जय मिळाला, तर तुझा देव माझा.

जय मिळाला. तरी गडी लगेच वळला नाही. मूर्तिपूजा थांबवली, पण तासन् तास एकटाच बसून विचार करी. शेवटी सल्लागारांची सभा भरवली. जुना पुरोहित कोइफी उठून सरळ हिशेबाचं बोलला: देवांची सेवा माझ्याइतकी कुणी केली नाही, पण राजाची मर्जी इतरांवरच जास्त, मग या देवांत दम तो काय? दुसरा एक सरदार मात्र खोल बोलला. हिवाळ्यात आत शेकोटी पेटलेली, बाहेर वादळ. एक चिमणी या दारानं आत येते, क्षणभर ऊब घेते आणि त्या दारानं अंधारात जाते. माणसाचा जन्म तसाच. आधीचं आणि नंतरचं हा नवा धर्म काही सांगत असेल, तर ऐकावं. पुरोहितानं हत्यार धरू नये, घोडीखेरीज कशावर बसू नये, असा नेम होता. कोइफीनं राजाचा घोडा नि भाला मागून घेतला आणि आपल्याच देवळावर भाला फेकला. ६२७ च्या ईस्टरला यॉर्क इथं घाईनं उभारलेल्या लाकडी चर्चमध्ये एडविनचा बाप्तिस्मा झाला.

पण जयावर जोडलेला देव पराजयात कसा टिकावा? ६३३ साली एडविन लढाईत पडला. राणी मुलांना घेऊन, पॉलिनसच्या सोबतीनं जहाजातून माहेरी केंटला गेली. राज्याचे दोन तुकडे झाले आणि दोन्हीकडचे नवे राजे जुन्या देवांकडे परतले. रयतेचं काय झालं असेल? ज्यांना नदीत उभं करून पॉलिनसनं बाप्तिस्मा दिला होता, त्या शेतकऱ्यांना विचारायला कोण गेलं?

वर्षभरातच ओस्वाल्ड हा राजा गादीवर आला. त्याचे वनवासाचे दिवस आयर्लंडकडच्या साधूंच्या सहवासात गेले होते. त्यानं आयोना बेटावरून एडन नावाचा साधू बोलावला. ६३५ साली त्याला लिंडिसफार्न बेट दिलं. हा एडन घोडा टाळून गावोगाव पायी हिंडे आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोले. अडचण एकच, त्याला इंग्रजी नीट येत नसे. तेव्हा तो उपदेश करी आणि खुद्द राजा शेजारी उभा राहून आपल्या सरदारांना त्याचं बोलणं त्यांच्या भाषेत समजावून सांगे.