डोकं आपटतंय, म्हणून देऊन टाका?

“अगं, देऊन टाक त्याला मोबाइल! मेंदूला मार लागला म्हणजे?” लग्नाच्या हॉलमध्ये, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता चीड येते. पोरानं लोळण घेऊन फरशीवर डोकं आपटलं, की मेंदूला इजा होणारच आणि ती टाळायची तर मागेल ते हातात ठेवायचं, असा हा हिशेब. यातली भीती बहुतेक वेळा निराधार असते आणि उपाय तर सरळ उलटा.

आधी भीतीचं बघू. बालरोगशास्त्रात सर्रास दिला जाणारा आकडा असा, की २० टक्क्यांपर्यंत निरोगी मुलं कधी ना कधी डोकं आपटतात; त्यांत मुलींपेक्षा मुलगे जास्त. सुरुवात साधारण सहा महिन्यांनंतर होते, दीड-दोन वर्षांच्या सुमारास जोर असतो आणि तीन-चार वर्षांपर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं. पलंगावरून पडणं वेगळं. इथे मुलाच्या मानेत जेवढा जोर, तेवढाच मार आणि दुखलं की तेच हात आखडता घेतं. नीट पाहिलंत तर पुष्कळदा दिसेल, आधी दोन्ही तळवे फरशीला टेकतात, मग कपाळ खाली जातं. फार तर टेंगूळ येतं.

आता उपायाचं. राग मोठा आणि शब्द मोजून वीस-पंचवीस, अशा वयात डोकं आपटणं हे कारस्थान नसतं. पण आपटल्यावर मोबाइल मिळतो, हे कळायला शब्द लागत नाहीत. त्यात आई तीनदा ‘नाही’ म्हणते आणि चौथ्यांदा आजी गुपचूप देते, हे तर सगळ्यात वाईट. अधूनमधून फळ मिळणारी सवय सर्वांत चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांसह ग्रंथरूपात मांडलं. आपल्याकडे तो प्रयोग घरोघरी चालू आहे, आणि वर ‘आमचा फार हट्टी’ म्हणून कौतुकही.

मग काय करायचं? भिंतीच्या कोपऱ्यापासून, टीपॉयपासून मुलाला बाजूला घ्या. डोक्याखाली उशी नाहीतर नुसता हात सरकवा, जवळ बसा आणि गप्प राहा. भाषण नको, धमकी नको, पाहुण्यांची माफीही नंतर मागता येते. पोटेगल आणि डेव्हिडसन या संशोधकांनी २००३ मध्ये दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या आकांडतांडवाबद्दल पालकांनी लिहिलेल्या नोंदी तपासल्या. ७५ टक्के थयथयाट पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपले होते. पाच मिनिटं लांब वाटतात, मान्य. सासरच्या माणसांसमोर तर फारच. पण राग ओसरून नुसतं रडू उरलं की मूल स्वतःच कुशीत शिरतं. तेव्हा खुशाल जवळ घ्या. जवळ घेण्यानं मूल बिघडत नाही, फक्त ज्यावरून रडलं ती वस्तू देऊ नका.

बाकीचे समज झटपट. ‘एक चापट द्या, बरोबर थांबेल’: मार खाऊन मूल घाबरतं, राग आवरायला शिकत नाही. ‘दृष्ट लागलीय’: मीठ-मोहरी ओवाळेपर्यंत पाच मिनिटं होतातच, गुण मोहरीला जातो. ‘फरशीला हत्त करा’: करमणूक म्हणून ठीक, पण आपटलं की अख्खं घर भोवती जमतं, हेही मूल शिकतं. ‘झोपताना डोकं हलवतो, म्हणजे फिट येते’: झोप लागताना ठेक्यात डोकं आपटणं या वयात नेहमीचं आहे, शंका असेल तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

‘म्हणजे ऑटिझम’ हा समज मात्र एका ओळीत उडवता येत नाही. नुसत्या डोकं आपटण्यावरून ऑटिझम ठरत नाही. पण दीड वर्षाचं मूल नावानं हाक मारली तरी वळत नसेल, बोट दाखवून काही सांगत नसेल, नजरेला नजर देत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरत चाललं असेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नका. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी मोफत होते. जिल्हा पातळीवर त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अचानक आपटायला लागलं, सोबत ताप आहे आणि हात सारखा कानाकडे जातोय, तर आधी कान तपासून घ्या. आणि डोक्याला लागल्यावर वारंवार उलट्या, गुंगी, झटके, बेशुद्धी किंवा नाका-कानातून पाणी-रक्त दिसलं, तर थेट रुग्णालय गाठा.