काटा ०.०३ दाखवतोय, म्हणजे नक्की किती?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी घरच्या गॅलरीत टोमॅटोची रोपं नुसत्या पोषक द्रावणावर वाढवायला घेतली. रेसिपी होगलंड आणि आर्नन यांची, वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये नेहमी वापरतात ती. त्यात लिटरमागे २.८६ मिलिग्रॅम बोरिक अ‍ॅसिड लागतं. मला १० लिटर हवं होतं, म्हणजे २८.६ मिलिग्रॅम. काटा होता खिशात मावणारा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. कागद ठेवला, टेअर दाबलं आणि चिमूट चिमूट पावडर टाकत गेले. बराच वेळ ०.०० च दिसत होतं. मग एकदम ०.०३ आलं. झालं, म्हटलं.

काही दिवसांत खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या. बोरॉन जास्त झालं की असंच होतं. वही उघडली तर लिहिलेलं ‘०.०३ ग्रॅम’. खरं किती पडलं होतं? ते आजही मला सांगता येणार नाही. रोपं गेली याचं वाईट वाटलंच, पण वहीतला आकडा निरुपयोगी ठरला याचं जास्त.

चूक कुठे झाली?

दोन ठिकाणी. पहिली साधी आहे. हा काटा ०.०१ च्या पायरीने मोजतो. ०.०३ दिसतं तेव्हा खरं वजन ०.०२५ ते ०.०३५ मध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे जवळपास १७ टक्के इकडेतिकडे, आणि तेही काटा अगदी निर्दोष असेल तर.

दुसरी लपलेली. बऱ्याच डिजिटल काट्यांत शून्य आपोआप सांभाळायची सोय असते. शून्याजवळ वजन अगदी हळू वाढलं तर काट्याला वाटतं, आपलाच आकडा सरकतोय, आणि तो गुपचूप पुन्हा शून्य धरतो. माझ्या चिमटी त्याने अशाच गिळल्या असणार. यावर उपाय सोपा आहे: टेअर न करता, १०-२० ग्रॅमचं भांडं ठेवून त्यावर पावडर टाका आणि नंतर वजाबाकी करा.

मग कमी वजन करायचं कसं?

करायचंच नाही! जास्त वजन करा आणि पातळ करा. मूळ रेसिपीत हेच आहे: बोरिक अ‍ॅसिड २.८६ ग्रॅम, मोरचूद ०.०८ ग्रॅम वगैरे एक लिटर स्टॉकमध्ये, आणि त्यातलं लिटरमागे फक्त १ मिलिलिटर वापरायचं. मी शहाणपणा करून ती पायरी गाळली होती.

आता मोरचुदाचे ०.०८ ग्रॅमही या काट्यावर नीट होत नाहीत. म्हणून १ ग्रॅम मोरचूद १२४ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. एकूण १२५ ग्रॅम. यातलं १० ग्रॅम द्रावण घेतलं की त्यात बरोबर ०.०८ ग्रॅम मोरचूद येतं. काटा तोच, पण पायरीमुळे होणारी चूक ६ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास आली. (भांडी स्वयंपाकघरातली नकोत, वेगळी ठेवा.)

वजन करण्याआधी

- काटा सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा. पंखा बंद. गरम भांडं ठेवू नका, वर चढणारी हवा आकडा हलवते.
- चालू करून थोडा वेळ थांबा, मग वजनाच्या ठोकळ्याने कॅलिब्रेट करा.
- प्लास्टिकच्या डबीवर स्थिर विद्युत साठते, पावडर चिकटते आणि आकडाही सरकतो. काच किंवा धातू बरा.
- एकच नाणं दहा वेळा उचलून ठेवा, कधी मधोमध, कधी कडेला. आकडे किती पसरतात ते लिहा. नाण्याचं खरं वजन माहीत नसलं तरी चालेल, काटा स्वतःशी किती प्रामाणिक आहे ते कळतं.

हा पसरही वहीत लिहा. ‘१.०० ग्रॅम, काटा ±०.०१’ असं. उद्या तुमचा प्रयोग बिघडला तर गाइड पहिला प्रश्न हाच विचारतील की नक्की किती टाकलं होतं. तेव्हा उत्तर वहीत असलं पाहिजे. माझ्याकडे नव्हतं.