गोरी मरियामाता ठरवली कुणी?

झाशीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलंय आणि ते बाजूला सारून पुढे जाववत नाही. दर २८ ऑक्टोबरला त्या शेजारणीसोबत सेंट ज्यूडच्या सणाला जातात. त्यांचा प्रश्न असा : बुंदेलखंडातल्या एवढ्या उन्हात मरियामाता मात्र नेहमी गोरीपान, पांढऱ्या झग्यातली, कमरेला निळी पट्टी बांधलेली. हे रूप ठरवलं कुणी?

त्या निळ्या पट्टीचा ठावठिकाणा सांगता येतो. १८५८ साली फ्रान्समधल्या लूर्द गावी चौदा वर्षांच्या बर्नादेतला गुहेत मरियामातेचं दर्शन झालं. जोसेफ फाबिश या शिल्पकाराने तिला खोदून खोदून विचारलं आणि १८६४ मध्ये संगमरवरी मूर्ती उभी केली. तिने पाहिलेली कुमारिका लहानखुरी, जवळपास तिच्याच वयाची होती. फाबिशची मूर्ती उंच, थोराड. सुंदर आहे, पण ती ही नव्हे, असं बर्नादेतचं म्हणणं पडलं. तरी नकला निघाल्या त्या फाबिशच्याच मूर्तीच्या, आणि त्या जगभरच्या चर्चमध्ये जाऊन बसल्या. पाहणारीचा शब्द असा मागे पडावा, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याआधी स्पेनमध्ये तर नियमच लिहून ठेवला होता. सेव्हिलच्या फ्रान्सिस्को पाचेकोचा चित्रकलेवरचा ग्रंथ १६४९ मध्ये निघाला. निष्कलंक मारिया रंगवायची तर वय बारा-तेरा, डोळे गंभीर, गाल गुलाबी, केस लांब सोनेरी, अंगावर पांढरा झगा आणि निळी शाल. या पाचेकोचा जावई म्हणजे चित्रकार वेलाथकेथ. ग्रंथ निघण्याच्या कितीतरी आधी, विशीच्या उंबरठ्यावर त्याने हाच विषय रंगवला होता. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातली मुलगी सेव्हिलच्या एखाद्या गल्लीत सहज भेटावी अशी आहे. मला सासऱ्याच्या नियमापेक्षा जावयाची मुलगी जास्त खरी वाटते.

आपल्याच गल्लीत भेटावी अशी मारिया रंगवण्याचं हे काम आपल्याकडे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी केलं. जन्म १९०२, गोव्यातल्या सांतु इस्तेव्हचा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे ते शिकले. तिथली वॉशची पद्धत मोठ्या चिकाटीची : जलरंगाचा हात द्यायचा, कागद पाण्यात बुडवायचा, जास्तीचा रंग जाऊ द्यायचा, वाळला की पुन्हा तेच. या धुण्यातून येणारी सावळी, आतून उजळलेली कांती तैलरंगात मी कधी पाहिलेली नाही. फोन्सेकांची मारिया साडी नेसते. युरोपातल्या चित्रकाराला जिथे ओढणी लागे, तिथे डोक्यावरून आलेला पदर पुरतो. नजर खाली, बाळाकडे.

पोर्तुगीज गोव्यात यावर गहजब झाला. फोन्सेका पुण्यात आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवत राहिले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर हेरास त्यांच्या पाठीशी होते. पुढे पत्नी आयव्ही यांचा चेहरा त्यांच्या मारियांमध्ये उतरला. पाचेकोने सेव्हिलची मुलगी गोरी रंगवायला सांगितली तेव्हा ती परकी आहे असं कुणी म्हणालं नाही. गोव्याच्या माणसाने गोव्याचा रंग लावला तर मात्र धर्म बुडाला! हा अन्याय मला आजही सलतो.

१९६७ मध्ये फोन्सेका गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. झाशीच्या बाई गोव्याला आल्या, तर समुद्राआधी तिथे जावं.