घरचे लाकूडकाम : लेखांक सहावा – महिरपीची रंगत

देवघराची महिरप व चौकटीच्या शोभेच्या पट्ट्या कोरून सिद्ध करण्याचा तपशील मागील लेखांकात दिला होता. त्यांना रंग कसा चढवावा, हा आजचा विषय. येथे रंग म्हणजे लाकडाचे अंग झाकून टाकणारा तैलरंग नव्हे. लाकडाच्या रेषा कायम राखून केवळ त्याची छटा गडद करणारे, ज्याला कारागीर ‘स्टेन’ म्हणतात, ते पातळ द्रव्य होय. तैलरंगाखाली सुताराचे पुष्कळ अपराध लपतात. स्टेन मात्र माफीच्या साक्षीदारासारखा ते एकेक करून उघड करतो.

त्यातही कोरीव पट्टी फळीहून नाजूक. जेथे पाकळी वळते किंवा गोलाई उतरते, तेथे लाकडाचे तंतू आडवे कापले जाऊन त्यांची तोंडे उघडी पडतात आणि ती तोंडे रंग अधाशासारखी पितात. त्यामुळे पट्टीचे अंग तांबूस राहून कडा तेवढ्या काळवंडतात. यावर उपाय असा, की अशा जागा अधिक बारीक पॉलिशपेपरने घासाव्या, किंवा स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याचा अगदी पातळ हात त्यांना आधी द्यावा. पाण्यातील रंग वापरावयाचा असेल, तर प्रथम ओल्या फडक्याने पट्टी पुसून वाळू द्यावी, व उभे राहिलेले तंतू घासून मगच रंग लावावा. ही तसदी मी एकदा घेतली नाही. शिवाय सांध्यातून ओघळलेला सरस अंगठ्याने पुसला. सरसावर रंग धरत नाही, त्यामुळे कर्जरोख्यावरील ‘निशाणी डावा अंगठा’ असावी तसा माझा ठसा त्या महिरपीवर पांढरा उमटला, तो आजतागायत आहे.

साध्या देवदारीला शिसवाची कळा आणावयाची असल्यास बाजारी डब्याची आवश्यकता नाही. हिरड्याचा दाट काढा मातीच्या वा काचेच्या भांड्यात गाळून घ्यावा, तो पट्टीला लावून वाळवावा, आणि त्यावर हिराकशीचे पाणी फिरवावे. हिरड्यातील कषायद्रव्याचा लोहाशी संयोग होऊन पट्टी डोळ्यांदेखत काळी पडू लागते. कापड रंगविणाऱ्यांना ही युक्ती पूर्वापार ठाऊक आहे. हा काळा रंग वर बसलेला नसतो, तंतूंतच निर्माण झालेला असतो, म्हणून मला तो डब्यातील काळ्याहून अधिक मोलाचा वाटतो. मात्र त्याच लाकडाच्या निरुपयोगी तुकड्यावर आधी परीक्षा घ्यावी. काढ्याचा दाटपणा व लाकडाची जात यांवर छटा बदलते.

जवसाच्या तेलातील स्टेन वापरणारांस एक ताकीद. रंग पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत; वाळताना हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन तापते, आणि बोळ्यातील उष्णतेला वाट न मिळाल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावी. पट्टीसही निदान एक अहोरात्र हात लावू नये. चपड्याचे पॉलिश पुढील लेखांकी घेऊ, तोवर ती वाळून तयार असू द्यावी.