ओकचं पिंप आणि मोहाचं फूल

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला लाकडाची पारख शिकवावी लागत नाही. पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी भागातलं सागवान कसं ओळखायचं, ते किती काळ वाळू द्यायचं, कोणत्या फळीला चीर जाईल, हे सुतारच काय, घर बांधायला निघालेला शेतकरीही सांगतो. म्हणून एका परदेशी काळ्या बिअरची ओळख लाकडापासूनच करून द्यायला हवी. तिचं नाव लांबलचक आहे: बोर्बन बॅरल-एज्ड इम्पीरियल स्टाउट. तिची अर्धी चव भाजलेल्या जवातून येते, उरलेली पिंपाच्या फळ्यांतून.

आधी जवाचं बघू. जव भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचं माल्ट करतात. स्टाउटसाठी त्यातला काही भाग कॉफीच्या बियांइतका काळा होईपर्यंत भाजतात. रंग आणि कडवटपणा तिथून येतो. अठराव्या शतकात लंडनमधल्या थ्रेल यांच्या कारखान्यातून अशी जाड, जहाल बिअर रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिच्या दरबारी जायची. ‘इम्पीरियल’ हे बिरुद त्या शाही गिऱ्हाइकामुळे चिकटलं. आज या प्रकारात ८ ते १२ टक्के मद्यार्क असतो आणि पिंपातून निघेपर्यंत तो आणखी वर सरकतो.

आता पिंप. बोर्बन ही अमेरिकेची व्हिस्की. तिच्यात निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवली पाहिजे, असा तिथला कायदा आहे. म्हणजे एकदा वापरलेलं पिंप बोर्बनच्या कामाचं राहत नाही. साधारण २०० लिटरची ही पिंपं मग स्कॉटलंडला जातात, रमवाल्यांकडे जातात. १९९० च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड कारखान्यात ग्रेग हॉल यांनी जिम बीम या बोर्बनची रिकामी पिंपं आणून त्यांत स्टाउट भरली, आणि तिथून हा प्रकार पसरला.

पण ओकच का? पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या नळ्या झाड जिवंत असतानाच आतून बुजतात, म्हणून त्याचं पिंप गळत नाही. तांबड्या ओकच्या नळ्या मोकळ्या राहतात आणि त्यातून द्रव पाझरतो. आपल्या सागाचं मोल आहे त्याच्या अंगच्या तेलात. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही ती त्या तेलामुळे, पण तेच तेल आणि तोच उग्र वास दारूत उतरला तर पिणार कोण? ओक मात्र जाळला की गोड होतो. कोळशाच्या थराखाली लाकडातल्या साखरेचा पाक होतो, लिग्निन फुटून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन तयार होतं, आणि ओकमधल्या लॅक्टोनमुळे चक्क खोबऱ्याचा वास येतो. उन्हाळ्यात द्रव लाकडात शिरतो, थंडीत बाहेर येतो, आणि येताना हे सगळं घेऊन येतो. स्टाउट अशा पिंपात काही महिने, कधी वर्षभर राहते.

ती चाखायची रीत वेगळी आहे. फ्रीजमधून काढून घटाघट प्यायची ही वस्तूच नाही. थंडीने वास मरतो, म्हणून १२ ते १४ अंशांवर, फुगीर पोटाच्या ग्लासात, वाटीभरसुद्धा नाही एवढीच ओतायची. आधी नाक. व्हॅनिला आणि खोबरं लवकर कळतं, मागून कॉफी, कोको, काकवी. मग लहान घोट, तोंडात जरा फिरवायचा, आणि नाकाने श्वास सोडायचा. खजूर-मनुकांची चव लागली तर बिअर चांगली मुरली आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर हवा लागून बिघडली आहे. आंबट झाली असेल तर जिवाणू शिरलेत. गूज आयलंडच्या २०१५ सालच्या काही बाटल्यांचं असंच झालं आणि कंपनीने गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. माझी कसोटी साधी आहे: व्हिस्कीने बिअरला गिळलं असेल तर ती फसली. जव शेवटपर्यंत बोलत राहिला पाहिजे.

महाराष्ट्रात हिला वाव नाही, कारण आपल्याकडे बिअरच्या मद्यार्काची मर्यादा ८ टक्के आहे. पण दारू सावकाश, वास घेत, थोडीशीच चाखण्याची जी समज हिच्यामागे आहे, ती यवतमाळच्या एका पेयाच्या वाट्याला कधी आलीच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते पेय म्हणजे मोहाची दारू.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची रसाळ, फिकट पिवळी फुलं गळतात. कोलाम आणि गोंड बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वाळलेल्या फुलांना मनुकांचा वास येतो. साखर फुलातच असल्याने जवासारखे मोड आणावे लागत नाहीत. पाण्यात आंबवून भट्टी लावली की झालं. फुलाचा गंध पहिल्या धारेतही टिकतो, आणि फुलापासून गाळलेली दारू जगात फार थोड्या ठिकाणी होते. तरी आपल्याकडे तिची ओळख हातभट्टी, धाड आणि गुन्हा एवढीच. केंद्राने २०२० साली वाळल्या फुलाचा आधारभाव किलोला १७ वरून ३० रुपये केला, आणि मे २०२१ मध्ये महाराष्ट्राने फुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले. फूल मोकळं झालं, पण त्याची चांगली दारू करण्याचा मार्ग वेचणाऱ्या बाईसाठी अजून मोकळा नाही.

कारखान्यांना मात्र तो मिळतो: डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ ही मोहाची दारू बाजारात आणली आहे. मोहाची दारू स्टाउटसारखी पिंपात मुरवायची म्हटलं तर विदर्भाचा उन्हाळा काम झपाट्याने करील. बंगळूरच्या अमृत कारखान्यात वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त व्हिस्की पिंपातून उडून जाते, मग पंचेचाळीस अंशांच्या यवतमाळात काय होईल! शिवाय जाळलेला ओक मोहाच्या नाजूक वासावर कुरघोडी करील. वापरून मवाळ झालेलं पिंप आणि थोडे महिने, एवढंच मी सुचवीन.

याच जिल्ह्यात बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले आहेत, आणि त्यांचं दुःख खरं आहे. शेजारचा वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून कोरडा आहे. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली, २०२१ ला उठली, आणि त्या काळात तिकडची माणसं आमच्या जिल्ह्यातल्या वणीत पिऊन जात. स्वस्त देशीच्या दुकानांची संख्या वाढवायला माझाही विरोधच आहे. मध्य प्रदेशाने मात्र मोहाच्या दारूला वारसा मद्य ठरवून अलिराजपूर आणि दिंडोरीत ती गाळण्याचं काम आदिवासी बचत गटांकडे दिलं. तिथल्या बाटल्यांची नावं ‘मोंड’ आणि ‘मोहुलो’. तसा परवाना झरी-जामणी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेला मिळावा. गावात ती विकायची की फक्त बाहेर पाठवायची, हे तिथल्या बायकांनी ठरवावं.